लहान घर घेताना कराचंही बघा

तीन बेडरूमचा फ्लॅट विकून एका बेडरूमच्या घरात जायचा तुमचा विचार मनापासून पटला. आईबाबांनी हेच केलं. झाडलोटीत जाणारी आईची सकाळ आता मोकळी असते.

पण विक्रीआधी सीएला भेटाच. घर 24 महिन्यांहून जास्त काळ तुमच्या नावावर असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरतात. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर विकत घेतलं की अशा नफ्यावर नव्या घराच्या किमतीपुरती करात सूट मिळते. लहान घराची किंमत नफ्याहून कमी भरली, तर वरच्या नफ्यावर कर लागतो. तो कर वाचवायला हा वरचा नफा विक्रीनंतर सहा महिन्यांत आरईसीसारख्या सरकारी कंपनीच्या रोख्यांत गुंतवता येतो. मर्यादा 50 लाख, पैसे पाच वर्षं अडकतात.

आणि जास्तीचं सामान इथूनच वाटून टाका. तिकडे नेऊन ठरवू म्हटलं की सगळं माळ्यावर जातं.