मदत हवी आहे: पोलिश पी.11सी चे पंख एका रेषेत बसत नाहीत (1/48)

उद्यमनगरकर:

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक जण स्पिटफायर आणि मिग करतात, त्यामुळे माझा प्रश्न जरा आडवळणाचा वाटेल. मी पोलंडच्या पीझेडएल पी.11सी विमानाचं 1/48 चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या मापाचं, प्लास्टिक मॉडेल करतोय. 1939 च्या सप्टेंबरात जर्मन विमानांच्या समोर उभं राहिलेलं, उघड्या कॉकपिटचं आणि चाकं आत न जाणारं फायटर. किट कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलंय, साचा जुना आहे.

हेच विमान का, तर आमची आजी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. 1943 ते 48 तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, त्यात बहुतेक बायका-मुलं. आजी "पोलंडच्या बाया" म्हणून त्यांच्या गोष्टी सांगायची. असो, ते पुन्हा कधी.

अडचण पंखांची आहे. ज्यांनी हे विमान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंख सरळ नाहीत. बॉडीपासून निघताना वर चढतात आणि थोडं पुढे गेल्यावर आडवे होतात, उडणाऱ्या बगळ्यासारखे. झिग्मुंट पुवाव्स्की नावाच्या इंजिनिअरने हा आकार काढला. पंख वर असला की वैमानिकाला समोरचं दिसत नाही, म्हणून याने पंख बॉडीजवळ एकदम पातळ केला आणि जिथे आधाराच्या दांड्या येतात तिथे सगळ्यात जाड ठेवला. डोकं म्हणून भारीच आहे. पण मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने घोळ असा, की जिथे पंख चिकटवायचा तिथेच तो सगळ्यात पातळ. गोंदाला धरायला जागाच नाही.

दोन्ही पंख झटपट गोंदाने लावले आणि हात काढायच्या आत ते सुकले. समोरून बघितलं तर डावा पंख उजव्यापेक्षा टोकाला सरळ चार मिलिमीटर खाली. या स्केलला पंखांची एकूण लांबी 22.3 सेंटिमीटर होते, म्हणजे चार मिलिमीटर आंधळ्यालाही दिसतील. दांड्या लावून ओढून घेऊ म्हटलं तर दांडीच वाकली.

शिवाय सांध्यावर लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारला, तर पंखावरच्या बारीक पन्हळीच्या रेघा तेवढ्या भागात सपाट झाल्या. आता तिथे टक्कल दिसतंय.

आणि तिसरं, किटमधली डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) पिवळी पडलेली होती, पाण्यात टाकताच तुकडे झाले. म्हणून पोलिश चौकड्यांची, म्हणजे त्यांच्या विमानांवरच्या लाल-पांढऱ्या खुणेची, वेगळी शीट मागवली. शेपटीच्या दोन्ही बाजूंना लावून झाल्यावर जुना फोटो बघितला, तर माझे रंग उलटे! आता काय करू?

चिकटपट्टी:

आधी गोंदाचं बघू. झटपट गोंद गारठ्यात ठिसूळ होतो. मॉडेल पिशवीत गुंडाळून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर सांध्यावर हलका दाब द्या, कट्ट करून सुटेल. ओढू नका, पिळू तर अजिबात नका. सुटल्यावर जुना गोंद ब्लेडने खरवडून काढा.

पुन्हा लावताना प्लास्टिक विरघळवणारं पातळ सिमेंट वापरा. त्यात पाच-दहा मिनिटं पंख हलवता येतो. झटपट गोंद ही घाईच्या माणसाची चीज आहे आणि हे विमान घाईचं नाही.

अर्धा_मिलिमीटर:

उद्यमनगरकर, तुमच्या जुन्या धाग्यात वाचलं होतं की तुम्ही शिरोलीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवण्याच्या कामाला, आहात. मग जिग (काम जागेवर धरून ठेवणारा आधार) कसं करायचं हे आम्हाला काय विचारता राव?

किटच्या कागदावर समोरून दिसणारं चित्र असतंच. ते झेरॉक्सवाल्याकडून बरोबर 1/48 ला मोठं करून घ्या, पट्टीने पंख मोजून खात्री करा. मग ते थर्माकोलवर चिकटवून पंखाच्या खालच्या कडेने कापा. अशा दोन पट्ट्या करा, एक पुढच्या कडेखाली, एक मागच्या. बॉडी मधे बसवायची, पंख त्या खाचेवर नुसते टेकवायचे आणि सिमेंट सोडायचं. रात्रभर हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा पुठ्ठ्याचं केलं होतं, ते पावसाळ्यात सर्दावून वाकलं, म्हणून थर्माकोल म्हणतोय.

सांध्यात पिना घाला. पंखाच्या आणि बॉडीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरची दोन-दोन भोकं, मधे पितळी तार. पिन व्हाइस (हाताने फिरवायचं छोटं ड्रिल) हातानेच फिरवा. मशीन लावलं तर इतक्या पातळ जागी ड्रिल वरून बाहेर येईल.

दांड्या सगळ्यात शेवटी. खऱ्या विमानात त्या भार घेतात, आपल्याकडे त्या फक्त दिसायला. त्यांच्या जोरावर पंख सरळ करायला गेलात की वाकणारच.

क्राकोव्हकर:

मी नोकरीनिमित्त क्राकोव्हला असतो, मूळ सांगलीचा. जगात शिल्लक असलेलं एकमेव पी.11सी इथल्या विमान संग्रहालयात आहे, नंबर 8.63. 121 व्या एस्काड्राचं (स्क्वाड्रनचं), म्हणजे क्राकोव्हचंच. जर्मनांनी ते पकडून बर्लिनला त्यांच्या हवाईदलप्रमुख गोरिंगच्या संग्रहात नेलं होतं. पुढे बर्लिनवर बॉम्ब पडायला लागल्यावर तिथली विमानं पूर्वेकडे हलवली, त्यात हे आलं आणि युद्धानंतर पोलंडलाच सापडलं.

तुमचा धागा वाचून रविवारी खास त्या पन्हळीसाठी जाऊन आलो. रेघा पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत जातात, म्हणजे वाऱ्याच्या दिशेत. फार उथळ आहेत, पत्र्याच्या छपरासारख्या ठळक नाहीत. उजेड तिरपा पडला तरच उठून दिसतात. तेव्हा तुमचं टक्कल रंगाखाली अर्धं झाकलं जाईल, घाबरू नका. तरी करायचंच असेल तर बारीक दातांची छोटी करवत आडवी धरून पट्टीच्या आधाराने पुढून मागे एकदाच ओढा. दातांच्या रेघा आपोआप समांतर येतात. आधी टाकाऊ तुकड्यावर दहा वेळा हात बसवा.

पंख बॉडीजवळ खरंच इतका पातळ आहे की खाली उभं राहून बघताना जीव घाबरतो. आणि एक, इंजिनाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग हिरवा करू नका. तो धुराड्याचाच भाग आहे, सगळ्या सिलिंडरचा धूर तिथे गोळा होतो. जळकट तांबूस-तपकिरी धातू दाखवा. निम्मी मॉडेलं इथेच चुकतात.

अर्धा_मिलिमीटर:

वरच्या रंगाचं कुणी विचारायच्या आत सांगतो: पोलिश खाकी. नक्की छटा कोणती यावर पोलंडमधले लोक अजून भांडतायत, आपण त्यात पडायचं नाही. हाटाका ही पोलिश कंपनीच आहे, त्यांचा याच नावाचा रंग मिळतो. पोटाला फिकट निळा.

टाचणी:

आता चौकड्यांचं. उद्यमनगरकर, तुम्ही घेतलेली शीट आजच्या पोलिश विमानांची असणार. 1993 मध्ये त्यांनी रंगांची जागा बदलली. आता डावीकडचा वरचा चौकोन पांढरा असतो, त्याआधी तो लाल असायचा. 1939 च्या विमानाला लालच हवा.

पण नवी शीट मागवायची गरज नाही हो! चौकडा चौरस आहे. लावतानाच नव्वद अंशात फिरवा, पांढऱ्याच्या जागी लाल येतो. बास.

लावून झालेल्यांसाठी: कोमट पाण्यात भिजवलेला कापूस वर दहा मिनिटं ठेवा. अजून वार्निश मारलं नसेल तर सुटायची आशा आहे.

पंखांच्या वरच्या चौकड्यांबद्दलही आत्ताच सांगून ठेवते. डावा आणि उजवा बॉडीपासून सारख्या अंतरावर नाहीत. मी माझ्या वेळी कागदावर छपाईची चूक आहे असं समजून दोन्ही व्यवस्थित सारखे लावले होते. शत्रूला नेम धरताना फसवायला मुद्दाम तसे रंगवायचे असं सांगतात. तुम्ही तरी कागदावर दाखवलंय तिथेच लावा.

उद्यमनगरकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. नव्वद अंशांचं वाचून कपाळावर हात मारला. रोज गुण्या घेऊन काम करणाऱ्या माणसाला हे सुचू नये!

प्रगती अशी: विमान फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी अडीच तास होतं. आईने दार उघडून बघितलं आणि "आता हे पण खायचंय का?" एवढंच म्हणाली. डावा पंख खरंच कट्ट करून सुटला. उजवा ठीक होता, त्याला हात लावला नाही.

थर्माकोलचं जिग केलं. पिनांसाठी पितळी तार घरात नव्हती. भाचा सतार शिकतो, त्याच्याकडची तुटलेली खर्जाची तार मिळाली, मिरजेची. चक्क बरोबर बसली. सकाळी गुण्या लावून बघितलं तर फरक चार मिलिमीटरवरून अर्ध्यावर आलाय. अर्धा_मिलिमीटर, तुमच्या नावाला जागलो बघा. आणखी छेडछाड करणार नाही.

करवतीचा प्रयोग टाकाऊ तुकड्यावर सातव्यांदा जमला. पंखावर उद्या, उजेडात.

शेपटीचा डावा चौकडा कापसाने अलगद सुटला आणि फिरवून लावलासुद्धा. उजव्याचे मात्र तीन तुकडे झाले. शीटवर आता पंखांपुरतेच चार उरलेत. 1/48 चा शेपटीच्या मापाचा एखादा चौकडा कुणाकडे जास्तीचा पडला असेल तर कळवा, पोस्टाचा खर्च मी देतो. 1993 नंतरचा असला तरी चालेल.