महाराष्ट्राचे फोटो म्हणजे फक्त पावसाळी सह्याद्रीच का?

घाटवाटा_३५
मंडळी एक प्रश्न आहे, जरा लांबण लागेल. हॉलच्या भिंतीवर लावायला आठ-दहा मोठ्या प्रिंट काढायच्यात, विषय आपला महाराष्ट्र. शॉर्टलिस्ट करायला बसलो तर काय, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, कासची फुलं, राजगडची संजीवनी माची, भंडारदऱ्याचे काजवे, परत कोकणकडा. सगळं हिरवं नाहीतर धुकट, आणि सगळं पुण्या-मुंबईहून शुक्रवारी रात्री निघून रविवारी परत येता येईल एवढ्याच अंतरातलं. राज्यात ३६ जिल्हे आहेत आणि माझे फोटो पाच-सहा जिल्ह्यांच्या पलीकडे जात नाहीत.

फोटो वाईट आहेत असं नाही हां. कोकणकड्यावर सकाळी ऊन पाठीमागून आलं आणि समोरची दरी धुक्याने भरलेली असली की आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं, ते इंद्रवज्र मिळालंय मला, ते भिंतीवर जाणारच. पण असे फोटो हजार लोकांकडे आहेत, नाव झाकलं तर कोणी काढलाय ते मलाही सांगता यायचं नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडतो तो फोटो वारीतला आहे, आणि तो दिवे घाटातला नाही (ती वळणावरची वारकऱ्यांची रांग वरून घेतलेली, ती तर सगळ्यांकडेच असते). माउलींची पालखी सासवडला मुक्कामाला असते तेव्हा एका मैदानाच्या तारेच्या कुंपणाला बायकांनी ओल्या नऊवारी वाळत घातलेल्या, वारा सुटलेला, आणि त्या फडफडणाऱ्या लुगड्यांच्या आडोशाला एक आजी पाय चेपत बसलेल्या. त्यांना विचारून काढला, त्या म्हणाल्या काढ की, पण पायाचा नको. म्हणून पाय नाहीत त्यात.

तर असं, तुमच्या भागातली अशी जागा किंवा वेळ सांगा जी पोस्टकार्डावर नसते. फक्त लोकेशन नको, कधी जायचं, उजेड कुठून येतो, माणसं फोटो काढू देतात का, हेही लिहा.

झाडीचा_पोट्टा
चला कोणीतरी विचारलं बाप्पा. विदर्भ म्हटलं की लोकांचा कॅमेरा ताडोब्यातल्या वाघावर जातो आणि तिथूनच वापस येतो.

तुम्ही हिवाळ्यात झाडीपट्टीत या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा पट्टा. दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि नाटकांचा सीझन सुरू होतो, कंपन्यांची ऑफिसं वडसा म्हणजे देसाईगंजला. नाटक रात्री उशिरा सुरू होते ते पहाटेपर्यंत चालते, आणि थंडीत लोक घोंगड्या-चादरी घेऊन पूर्ण रात्र बसतात. स्टेजचे फोटो तर कोणीही काढेल, मला इंटरेस्ट प्रेक्षकात आहे. स्टेजवर रडायचा सीन चालू असते आणि त्याचाच उजेड समोरच्या दोन-तीन रांगांच्या तोंडावर पडतो, त्याच्या मागे सगळा काळोख. लहान पोरं मायच्या मांडीवर झोपलेली, माय डोळे पुसून राहिली. फ्लॅश अजिबात नको, आयएसओ (कॅमेरा कमी उजेडात किती टिपतो ते) ३२००-६४०० ठेवा, आणि एलईडी लाईट असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवून पाहा नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात. आयोजकांना आधी भेटा, चहा घेतल्याशिवाय तसेही सोडणार नाहीत.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस. पानं गळलेली, झाडाला नुसता केशरी फुलोरा, मागे करपलेलं रान. त्याच्या मागोमाग मोह. पहाटे बाया टोपल्या घेऊन मोहाखाली फुलं वेचायला येतात, ऊन चढायच्या आत काम संपते. तिथे मात्र आधी बोला, कॅमेरा नंतर. वेचणाऱ्याचा तो रोजीचा टाइम आहे, तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. आणि जंगलाला लागून असलेल्या भागात गावातला माणूस सोबत असल्याशिवाय अंधारात जाऊ नका, वाघ-अस्वल खरंच असते.

रॉ_फाइल
थोडा विरोध नोंदवतो. कोकणकडा सगळ्यांकडे आहे म्हणून भिंतीवरून काढायचा हे काही पटत नाही. आपल्याला डोंगर आवडतात, आपण डोंगरात जातो, भिंत आपली आहे. उगीच ३६ जिल्ह्यांची हजेरी भरायला गेलात तर प्रत्येक ठिकाणी दोन तास थांबून सरकारी कॅलेंडर तयार होईल. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा बघितलं ना काय झालं, जो तो सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ओढून टाकत होता. त्या सरोवराचा फोटो बघायचाय तर काठावरची पाण्यात गेलेली जुनी देवळं बघा, रंग गेला तरी ती तिथेच आहेत.

तुमचा लुगड्यांचा फोटो भारी वाटतोय वाचून, टाका इथे.

कातळसडा
रत्नागिरीहून. कोकण म्हटल्यावर लोकांना समुद्र, माड आणि सूर्यास्त हवा असतो. मी सड्यावर जातो. जांभ्याचं उघडं पठार, झाड जवळपास नाही, आणि जमिनीवर कोरलेली कातळशिल्पं. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेत. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, पण गर्दी अजून तरी नाही.

गंमत अशी की दुपारी गेलात तर काहीच दिसत नाही. रेघा फार खोल नसतात, डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट होतं आणि बरोबर आलेला माणूस म्हणतो यासाठी आणलंस होय मला. सूर्य मावळतीला आला की तिरप्या उन्हाने प्रत्येक रेघेला एका बाजूने सावली पडते आणि बघता बघता मासा, माणूस, मोर वर येतात. शेवटचा अर्धा-पाऊण तास खरा कामाचा. सकाळी लवकर गेलात तरी चालतं, सावली उलट्या बाजूने पडते त्यामुळे तेच शिल्प वेगळं दिसतं. मी दोन्ही वेळा काढून शेजारी शेजारी ठेवतो.

पावसाळ्यात गवत आणि पाणी, तेव्हा नाही. गवत सुकलं की या, म्हणजे दिवाळीनंतर. आणि कृपा करून रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू, रांगोळी, पाणी काही ओतू नका, मी बघितलंय लोकांना करताना. शिल्पावर उभं राहून सेल्फी तर नकोच. ड्रोनचा मोह होणार कारण पूर्ण हत्ती एका फ्रेममध्ये वरूनच येतो, पण परवानगीचं आधी विचारून घ्या. पुष्कळ सडे खाजगी मालकीचे आहेत, मालकाला सांगितलं तर तोच आणखी एखादं शिल्प दाखवतो जे कुठल्या यादीत नाही.

घाटवाटा_३५
वा, हे पाहिजे होतं. @रॉ_फाइल मुद्दा कळला, कोकणकडा राहतोय. फोटो घरी गेल्यावर टाकतो. उन्हाळ्यात जाण्यासारखं जवळपास काही? मे महिन्यात माझा कॅमेरा कपाटातच असतो.

भीमाकाठ
मग उजनीला ये. भिगवणचे फ्लेमिंगो हिवाळ्यात सगळे काढतात, ते सोड. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, पळसनाथाचं. १९८० च्या सुमारास धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं, लोक वर येऊन वसले. पाणी किती उतरेल ते त्या वर्षीच्या पावसावर, कधी नुसतं शिखर दिसतं, कधी चालत जाता येतं.

देऊळ छान आहेच, पण मी जातो ते येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, काठीने भेगाळलेल्या गाळावर रेघ ओढून दाखवत होते की हा आपला उंबरा, इकडं गोठा, इथनं चावडीकडं वाट जायची. नातू मोबाईल धरून व्हिडिओ काढतोय आणि आजोबा त्याला ओरडतायत, आधी बघ तरी. मी लांबून काढला फोटो, मग जाऊन दाखवला, ते म्हणाले ह्यात उंबरा कुठं दिसतोय. खरंच दिसत नव्हता, गाळच होता सगळा. मग त्यांनी मला उभं राहायची जागा सांगितली आणि तिथून परत काढायला लावला.

टेक्निकल सांगायचं तर सकाळी साडेसहा-सातलाच पोच, नऊनंतर उन्हाने सगळं पांढरं होतं आणि गाळाला ना रंग राहतो ना पोत. पायात बूट, गाळ वरून वाळलेला दिसतो पण आत ओला असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. होडीत बसायची वेळ आली तर लाईफ जॅकेट असेल तरच बस. मे २०२४ ला वादळात उजनीत होडी उलटून माणसं गेलीत, वारा सुटला की तिथं लाटा उठतात.

रंकाळा_संध्याकाळ
कोल्हापूरची एक भर. अंबाबाईचा किरणोत्सव, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर असं धरतात, ढग आला तर संपलं. आत कॅमेरा चालत नाही आणि चालू पण नये. पण बाहेर हे लाईव्ह दाखवतात त्या स्क्रीनसमोर जे लोक उभे असतात ना, किरण वर सरकतील तसे त्यांचे चेहरे बघा, हात आपोआप जोडले जातात. सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो त्यामुळे तू समोर उभा राहिलास तर केसांच्या कडा सोनेरी येतात, चेहरे मात्र अंधारात जातात, एक्स्पोजर एखाद स्टॉप (एक पायरी) वाढवून घे. गर्दीत ट्रायपॉड आणू नको, शिव्या खाशील.