‘माय’, ‘माय ओन’ आणि ‘माइन’ : मालकी कुठे, विरोध कुठे?

प्रश्न : ‘धिस इज माय लॅपटॉप’ आणि ‘धिस इज माय ओन लॅपटॉप’ यांत नेमका फरक काय? ‘ओन’ कधी घालायचं आणि कधी गाळायचं?

उत्तर : मालकी सांगायला ‘माय’ पुरेसं आहे. ‘ओन’ने मालकी वाढत नाही. समोर दुसरी एखादी शक्यता उभी असते, ती ‘ओन’ खोडून काढतं. ‘आय यूज माय ओन लॅपटॉप ॲट वर्क’ म्हणजे ऑफिसने दिलेला नाही, कुणाचा मागून आणलेला नाही. अशी शक्यता ऐकणाऱ्याच्या मनातच नसेल तर ‘ओन’ खटकतं. ‘आय ब्रश्ड माय ओन टीथ’ हे मोठ्या माणसाच्या तोंडी विचित्र वाटेल. लहान मुलाच्या तोंडी मात्र ते चपखल बसतं, कारण कालपर्यंत दात दुसरं कुणीतरी घासून देत होतं. इथे दात कुणाचे हा मुद्दाच नाही, घासले कुणी हा आहे.

रचनेत एक चूक फार होते : ‘आय हॅव ओन हाउस’. मराठीतलं ‘स्वतःचं’ एकटं उभं राहू शकतं, ‘ओन’च्या आधी मात्र मालक लागतोच. ‘ॲन ओन हाउस’ही चालत नाही. ‘माय ओन हाउस’ म्हणा, नाहीतर ‘अ हाउस ऑफ माय ओन’. ‘ऑन माय ओन’ हे आणखी वेगळं : एकट्याने किंवा कुणाच्या मदतीशिवाय.

भर : ‘ओन’चं दुसरं काम मराठीत ‘आपला’ करतो. ‘रवीने आपली छत्री घेतली’ म्हटलं की छत्री रवीचीच. ‘रवी टुक हिज अम्ब्रेला’ यातली छत्री सहसा रवीची समजली जाते, पण आधी सुनीलचा विषय चालू असेल तर ती सुनीलचीही असू शकते. ‘हिज ओन अम्ब्रेला’ने संशय फिटतो. छत्री सुनीलची असेल तर सरळ ‘सुनील्स अम्ब्रेला’ म्हणावं, सर्वनामाशी झगडत बसू नये. वाक्यात दोन माणसं असली की मात्र ‘ओन’ही हमखास उपयोगी पडत नाही. ‘रवी गेव्ह सुनील हिज ओन रूम’ यात रवीने आपली खोली सोडली की सुनीलला स्वतंत्र खोली दिली, हे संदर्भावरूनच कळतं.

उपप्रश्न : मग ‘ही माझीच बॅग आहे’ यातला ‘च’ इंग्रजीत कसा आणायचा? ‘धिस इज माय बॅग ओन्ली’ असं सर्रास ऐकू येतं.

उत्तर : तिथे ‘ओन्ली’ नको. ‘च’चं काम इंग्रजीत आघात करतो. एरवी ‘माय’, ‘हिज’, ‘हर’ हे शब्द हलके उच्चारले जातात, भरभर बोलताना ‘हिज’मधला ‘ह’ गळतोसुद्धा. तोच शब्द ठासून म्हटला की ‘तुझी नाही, माझी’ हा अर्थ येतो. लिहिताना आघात दिसत नाही, म्हणून वाक्य फिरवावं : ‘धिस बॅग इज माइन’. इंग्रजीत स्वाभाविक जोर वाक्याच्या शेवटाकडे पडतो आणि ‘माइन’ नेमकं तिथे येऊन बसतं. ‘त्याची बॅग सापडली, माझी मात्र नाही’ हेसुद्धा असंच : ‘हिज बॅग वॉज फाउंड, बट माइन वॉजन्ट’. ‘माइन’पुढे नाम येत नाही, त्यामुळे ‘माइन बॅग’ चूक. ‘युअर्स’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांत ॲपॉस्ट्रॉफी कधीच नसते.

भर : तुलनेच्या वाक्यात इथे हमखास पाय घसरतो. ‘तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण पगाराची तुलना पगाराशी हे आपण गृहीत धरतो. ‘हर सॅलरी इज हायर दॅन मी’ म्हटलं की पगाराची तुलना माणसाशी होते. ‘दॅन माइन’ हवं. सर्वनामाऐवजी नाव असेल तर त्यालाही ॲपॉस्ट्रॉफी-एस लावायचा : ‘दॅन रवीज’.

उपप्रश्न : ‘तो तुझा भाऊ’ याचं ‘दॅट युअर ब्रदर’ का होत नाही?

उत्तर : ‘दॅट’ आणि ‘युअर’ नामाआधीच्या एकाच जागेवर हक्क सांगतात आणि त्या जागेवर दोघांतला एकच मावतो. म्हणून मालकाला मागे पाठवतात : ‘दॅट ब्रदर ऑफ युअर्स’. ‘ऑफ यू’ नव्हे. या रचनेत बऱ्याचदा वैतागाची छटा असते, त्यामुळे ज्याचा भाऊ आहे त्याच्यासमोर ती जपून वापरावी. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’मध्ये तशी छटा नाही. तिथे ‘माझ्या मित्रांपैकी एक’ एवढाच अर्थ आहे. ‘माय फ्रेंड’ म्हटलं तर कुठला मित्र हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असं धरलं जातं, म्हणून कुणाचा पहिल्यांदाच उल्लेख करताना ‘अ फ्रेंड ऑफ माइन’च बरं.