मदत हवी आहे: मोलेमच्या दाट जंगलात पक्ष्यांचे फोटो, कमी उजेडाचं काय करायचं?

डिसेंबरात गोव्यात मोलेम आणि तांबडी सुर्लाला जातोय. बरोबर आई-बाबा आहेत, त्यामुळे भटकंती सकाळचीच. मुख्य ओढ मलबार ट्रोगन या पक्ष्याची, म्हणजे आपल्या कर्ण्याची. जमलं तर फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याचीही, पण तो दिवसा वाळक्या पानासारखा बसून राहतो, गाइडशिवाय दिसेल असं वाटत नाही.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) जुना कॅमेरा बॉडी आणि ७०-३०० मिमी झूम लेन्स आहे, ३०० ला एफ ५.६ (एफचा आकडा मोठा, तितका उजेड कमी). माळरानावर छान चालते. सदाहरित झाडीत मात्र सकाळी आठलाही आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० करून शटर कसाबसा १/८० सेकंद मिळतो, आयएसओ त्यापुढे नेला की फोटोत नुसता दाणा. कर्णा एका फांदीवर बराच वेळ स्थिर बसतो म्हणतात, तेव्हा मोनोपॉड (एकपायी स्टँड) लावून १/६० वर निभावेल का? की भाड्याने १५०-६०० लेन्स घ्यावी? ६०० ला ती एफ ६.३, म्हणजे उजेड आणखी कमी, वर वजन. ३००चा एफ ४ प्राइम (झूम नसलेली लेन्स) कुणी तिथे वापरलाय का?

फ्लॅश मारायचा नाही आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचाही नाही, तेव्हा ते सल्ले कृपया नकोत.

तांबडी सुर्लाच्या देवळाच्या आसपास उजेड नेमका किती वाजता झाडीत उतरतो? आणि स्थानिक गाइड आधी ठरवावा लागतो का?