ठाणे खरोखर बंदर होते का? खाडीकाठच्या जुन्या शहराविषयी काही शंका

कोलशेतचा वाचक

नमस्कार. आमच्या सोसायटीत दर दिवाळीला एक हस्तलिखित निघते आणि यंदा ठाण्याच्या जुन्या बंदराविषयी चार पाने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ठाणे ही शिलाहारांची राजधानी होती आणि येथे मोठे बंदर होते, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक स्मरणिकेत सापडते. मात्र त्या वाक्याच्या पुढे फारसे कोणी जात नाही.

माझी अडचण अशी की, ओहोटीच्या वेळी कळव्याच्या पुलावरून खाली पाहिले तर चिखल, तिवरे आणि मधोमध पाण्याचा एक पट्टा एवढेच दिसते. उघडा समुद्र येथून बराच दूर आहे. मग परदेशी जहाजे येथे कशी येत असतील, ती नेमकी कोठे लागत असतील, आणि बंदर असल्याचा पुरावा म्हणून दाखवता येईल असे काय शिल्लक आहे? शिवाय एवढे मोठे बंदर असेल, तर ते संपले कशाने? 'गाळ साचला' हे उत्तर मी अनेकांकडून ऐकले आहे, पण त्याने माझे समाधान होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चेंदणीकर

इतिहासाचे जाणकार पुढे लिहितीलच. मी पाण्यापुरते लिहितो.

पुलावरून ओहोटीचे पाणी पाहून बंदराचा अंदाज बांधणे योग्य नाही. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक साडेचार ते पाच मीटरपर्यंत जातो, आणि शिडाच्या जहाजांचे सारे वेळापत्रक या फरकावरच चालत असे. गलबत किंवा मचवा बंदरात आणायचा तो भरतीच्या ओढीने आणि बाहेर काढायचा तो ओहोटीबरोबर. मधल्या वेळात तो चिखलात टेकून उभा राहिला तरी बिघडत नसे. उलट माल उतरवायला आणि तळाची डागडुजी करायला ते सोयीचे पडे. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढते, तेव्हा जड माल भरलेल्या गलबताला उधाणाची वाट पाहत थांबावे लागे.

दुसरी गोष्ट, ठाणे एका खाडीवर वसलेले नाही. दक्षिणेकडून मुंबई बंदरातून येणारी ठाण्याची खाडी आणि उत्तरेकडून वसईहून घोडबंदरमार्गे आत शिरणारे उल्हास नदीचे मुख, हे दोन्ही जलमार्ग ठाण्याच्या जवळ एका अरुंद पट्ट्याने जोडलेले आहेत. साष्टी, म्हणजे ठाणे-बोरिवली ज्यावर वसले आहेत तो भूभाग, बेट आहे तो त्यामुळेच. म्हणजे वसईकडून आलेला आणि मुंबईकडून आलेला, दोघांनाही कल्याणला जायचे असो वा एकमेकांच्या बाजूला उतरायचे असो, ठाण्यावरून जावे लागत असे. उघड्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जहाज ठेवण्याची सोय नाही. येथे खाडीच्या आत तुफानाचा मार बसत नाही. समुद्रापासून आत असणे हा या बंदराचा दोष नव्हता, तोच त्याचा गुण होता.

'बंदर कोठे होते' याचे उत्तर एका जागेत मिळणार नाही. चेंदणी, महागिरी, मीठबंदर, पलीकडे मुंब्र्याच्या बाजूचे रेतीबंदर, वर नागलाबंदर आणि घोडबंदर असे धक्के खाडीभर विखुरलेले होते. त्यांपैकी मीठ आणि रेतीची वाहतूक तर अगदी अलीकडच्या काळापर्यंत पाण्यानेच होत होती.

ताम्रपट

चेंदणीकरांनी पाया घातलाच आहे. पुराव्यांबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हस्तलिखितासाठी तेच उपयोगी पडेल.

सर्वांत आधी एक ताम्रपट. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण येथे शिलाहार राजा अनंतदेव याचा शके १०१६ म्हणजे इसवी सन १०९४ चा ताम्रपट मिळाला. त्यात भाभण श्रेष्ठी हा मंत्री आणि त्याचा भाऊ धणम श्रेष्ठी यांना जकात माफ केल्याची नोंद आहे, आणि ही माफी कोणकोणत्या बंदरांत लागू होईल त्यांची नावेही दिली आहेत. त्यांत श्रीस्थानक म्हणजे आपले ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमूल्य म्हणजे चौल, आणि नागपूर ही नावे येतात. (हे नागपूर विदर्भातले नव्हे, अभ्यासक ते अलिबागजवळचे नागाव मानतात.) राजाची स्तुती करणाऱ्या काव्यापेक्षा जकातमाफीचा असा रुक्ष कागद मला अधिक विश्वासार्ह वाटतो. जकात माफ करण्याइतपत माल येत होता, तो मोजणारे राजाचे अधिकारी येथे बसत होते, आणि मंत्रीच व्यापारी होते, एवढे सगळे त्या एका दानपत्रातून कळते. खुद्द ठाण्यातही अरिकेसरी राजाचा १०१७ चा ताम्रपट अठराव्या शतकात किल्ल्याच्या परिसरात खोदकाम करताना सापडला होता.

त्याआधीचा उल्लेख अरबांचा आहे. खलिफा उमर यांच्या काळात, इसवी सन ६३६ च्या सुमारास, बहरीन आणि ओमानच्या सुभेदाराने 'ताना'वर आरमारी स्वारी पाठवली, असे नवव्या शतकातील इतिहासकार बलाधुरी याने नोंदवले आहे. परवानगीवाचून माणसांना समुद्रावर धाडल्याबद्दल खलिफाने त्या सुभेदाराची कडक कानउघाडणी केली, हेही तो सांगतो. दहाव्या शतकातील मसुदी आणि अकराव्या शतकातील अल्बेरुनी यांनाही ठाणे ठाऊक होते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याचे वर्णन एक स्वतंत्र राज्य म्हणून करतो. येथून धूप, चामडे आणि सुती कापड बाहेर जात असल्याचे तो लिहितो. त्याची खरी मजेदार माहिती पुढे आहे. येथील राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता: लुटीत घोडे मिळाले तर ते राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. घोडे आखातातून जहाजाने येत आणि त्यांना मागणी एवढी होती की, घोड्यांवाचून जहाज सहसा येत नसे.

आपल्या मूळ प्रश्नाचे, म्हणजे दूरची जहाजे येथवर पोहोचत का याचे, नेमके उत्तर मात्र ओडोरिक या इटालियन ख्रिस्ती साधूच्या प्रवासवर्णनात आहे. तो १३२२ च्या सुमारास होर्मूझहून जहाजाने निघाला आणि अठ्ठावीस दिवसांत ठाण्याला उतरला. त्या जहाजाच्या बांधणीत लोखंडाचा एकही खिळा नव्हता, सगळ्या फळ्या दोराने शिवलेल्या होत्या, असे त्याने आवर्जून लिहिले आहे. अरबी समुद्रात ही शिवण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती, आणि चिखलात टेकणाऱ्या जहाजाला थोडी लवचीक बांधणी सोयीची पडत असणार, असे मला वाटते. त्याच्या आदल्याच वर्षी ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंची हत्या झाली होती. त्यांच्या अस्थी घेऊन ओडोरिक पुढे चीनला गेला. म्हणजे होर्मूझ ते चीन या सागरी वाटेवर ठाणे हा एक थांबा होता. जाता जाता, येथील उंदीर कुत्र्याएवढे असून मांजरांचा त्यांच्यापुढे निभाव लागत नाही, असेही त्याने लिहून ठेवले आहे. ठाण्याच्या जुन्या वाड्यांतून ज्यांनी घुशी पाहिल्या आहेत त्यांना ही अतिशयोक्ती फार मोठी वाटणार नाही.

शिल्पांत पाहायचे असेल तर बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळ, म्हणजे युद्धात पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, पाहावेत. वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा त्यांवर स्पष्ट कोरलेल्या आहेत. ते युद्ध कोणते याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. यादव राजा महादेव आणि शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातील आरमारी लढाईशी काही जण ते जोडतात. त्या लढाईत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे यादवांचा मंत्री हेमाद्री सांगतो.

सोपारकर

ताम्रपट यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु हस्तलिखितात 'दोन हजार वर्षांचे ठाणे बंदर' असे लिहू नये, ही विनंती. या परिसरातील खरी जुनी बंदरे सोपारा आणि कल्याण. सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख मिळाला, स्तूप मिळाला. कान्हेरीच्या लेण्यांत सोपारा, कल्याण आणि चौल येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. पहिल्या शतकातील ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत कल्याणचे नाव आहे आणि तेथे चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेत असल्याची तक्रारही आहे. ठाण्याचा भरभराटीचा काळ त्यानंतर कित्येक शतकांनी येतो. शेजाऱ्यांचा इतिहास उसना घेऊन ठाण्याचे वय वाढवण्याचे कारण नाही.

कोलशेतचा वाचक

सर्वांचे आभार. वयाबद्दलची सूचना रास्त आहे आणि ती मी पाळीन. ठाण्याच्या रेशमाविषयीही पूर्वी ऐकले होते, ते याच काळातले का? आणि शेवटाचा प्रश्न अजून उरतो. चौदाव्या शतकात होर्मूझहून जहाज थेट येथे येत होते, तर एकोणिसाव्या शतकात येथे मीठ, रेती आणि गवत एवढेच का उरले?

साष्टीकर

रेशमाची कीर्ती मुख्यतः पोर्तुगीज काळातली. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि तिच्या अमलाखालील मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात ठाणे आले. पोर्तुगीजांचे मुख्य ठिकाण वसई असल्याने मोठी जहाजे, कचेऱ्या आणि आरमार तिकडे गेले. ठाण्याकडे विणकाम राहिले. येथील रेशमी आणि सुती कापड दूरदूर जात असे. म्हणजे बंदर म्हणून ठाण्याची पहिली घसरण गाळामुळे नव्हे, तर सत्तेचे केंद्र तीस-पस्तीस किलोमीटर पलीकडे सरकल्यामुळे झाली.

तरीही ठाण्याचे महत्त्व एका वेगळ्या कारणाने टिकले, आणि लेखात याच मुद्द्यावर भर द्यावा असे मला वाटते. चेंदणीकरांनी वर्णन केलेली ती अरुंद जागा म्हणजे एक नाका होता. कल्याण-भिवंडीचा माल मुंबईला नेणाऱ्या होड्यांवर पोर्तुगीज येथे जकात घेत आणि त्यावरून मुंबईच्या इंग्रजांशी त्यांचे सतत खटके उडत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेऊन तेथे जहाजबांधणीला आरंभ केला, तेव्हाही ती जहाजे समुद्रावर न्यायची तर वाट पोर्तुगीजांच्या नजरेखालूनच होती. नाका ज्याच्या हाती त्याच्या हाती मागचा सगळा मुलूख, हे ओळखून पोर्तुगीजांनी १७३० मध्ये येथे किल्ला बांधायला घेतला. तो अपुरा असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मराठी अमलातले सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मासुंदा तलावाकाठच्या कौपिनेश्वराचे मंदिर १७६० मध्ये बांधवले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली.

येथे बंदराचा कणा मोडला, असे माझे मत आहे. खाडीचे दोन्ही काठ वेगवेगळ्या सत्तांकडे असतात तोवरच नाक्याला किंमत असते. पुढे १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर समोरचा काठही ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. मग ठाण्याला माल अडवून जकात कोणाकडून घ्यायची? त्याच सुमारास मुंबईच्या खोल बंदरात मोठमोठी जहाजे लागू लागली, जी या खाडीत उधाणालाही शिरू शकली नसती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध झाला आणि साष्टीतून मुंबईला पायी, बैलगाडीने जाता येऊ लागले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो बाळगावाच. मात्र पुढच्याच वर्षी खाडीवर पूल टाकून ती कल्याणला पोहोचली, तेव्हा घाटावरच्या मालाला ठाण्यात गाडी सोडून गलबतात चढण्याचे कारण उरले नाही. पहिल्या आगगाडीचे स्थानक आणि बंदराचा शेवट यांच्यात एका वर्षाचे अंतर आहे, ही गोष्ट आपल्या स्मरणिकांत सहसा येत नाही. गाळ साचला हे खरे, पण ज्या वाटेवर कमाई उरली नाही तिचा गाळ काढण्याचा खर्च कोण करणार?

एक अवांतर गोष्ट. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले. तेथून गुजरातकडे जाणारे कंटेनर आज घोडबंदर रस्त्यावरून जातात आणि आपण त्यांच्यामागे तास-तासभर खोळंबतो. बंदराचा माल ठाण्यावरून जाण्याचे बंद झालेले नाही, फक्त त्यावरची जकात आपल्याला मिळत नाही.

चेंदणीकर

साष्टीकरांशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त 'शेवट' हा शब्द जरा घाईचा आहे. आगगाडीनंतरही मीठ, कौले, गवत, रेती आणि भात यांची ने-आण गलबतांनी बराच काळ होत राहिली, कारण जड आणि स्वस्त मालाला पाणीच परवडते. परदेशी व्यापार संपला, बंदर संपले नाही.

छायाचित्रांसाठी जाणार असाल तर उधाणाच्या भरतीची वेळ पाहूनच चेंदणीच्या बाजूला जावे. तिवरांच्या मुळांपर्यंत पाणी चढलेले असते आणि पात्राची खरी रुंदी तेव्हाच ध्यानात येते. हिवाळ्यात रोहित पक्षीही दिसतील. किल्ल्याच्या आत मात्र जाता येणार नाही, तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि १८४८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना येथेच फाशी दिले गेले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, या चार पानांत तो बसणार नाही.