मदत हवी आहे : ऑफिसची २३ जणांची पावसाळी सहल, आंबोली की पन्हाळा?

नमस्कार मंडळी. यंदा ऑफिसच्या पावसाळी सहलीचं लोढणं माझ्या गळ्यात आलंय. माणसं २३, दिवस एक आणि मतं किमान ३०. जाणकारांनी वाट दाखवावी.

आम्ही कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले. निम्मी शॉप फ्लोअरची पोरं, बाकी अकाउंट्स, स्टोअर आणि डिस्पॅच. आम्ही सहा जणी आहोत, त्यात दोघींची मुलं लहान, म्हणजे रात्री आठच्या आत परत यायलाच हवं. स्टोअरच्या काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पायऱ्या चढतात, पण उतरताना हात द्यावा लागतो. दोघे जैन आहेत, कांदा-लसूणही चालत नाही. गाडीचा खर्च कंपनीचा, खाण्याची वर्गणी आमची.

पोरांना आंबोलीच हवी, कारण धबधब्याखाली भिजायचंय. मोठ्यांचा कल पन्हाळ्याकडे. पन्हाळा म्हटलं की पोरं नाक मुरडतात, "झुणका-भाकर खायला तर कधीही जातोच की!" (गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला हे सांगून पाहिलं. "मग तिथं आता पार्किंग मिळणारच नाही" असं उत्तर आलं.) गगनबावडा मीच बाद केला. मांडुकली, किरवे इथं रस्त्यावर पाणी आलं की पलीकडचे पलीकडे राहतात. राधानगरीला राऊतवाडीचा धबधबा आहे, पण दाजीपूर अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, मग एका धबधब्यासाठी एवढी वरात काढायची का?

तारीख सगळ्यांनी मिळून ठरवलीय, आखाडातला शेवटचा शनिवार. का ते सांगायला नको. श्रावण लागायच्या आत मटण व्हायला हवं.

आता अडचणी. आंबोलीत बायकांना ओले कपडे बदलायला बरी जागा मिळते का? काकांना गाडीतच बसवून ठेवायचं नाही, तर त्यांना काय काय दाखवता येईल? पाऊस फारच झाला तर सहल रद्द करायची हे कधी आणि कशावरून ठरवायचं? आणि शेवटची, खरी डोकेदुखी : दोन-तीन जण गाडी कागलच्या पुढं गेली की 'कोल्ड्रिंक'च्या बाटल्या काढतात. मी वयानं लहान, सगळ्यांना दादा-काका म्हणणारी. त्यांना कोणत्या तोंडानं नको म्हणू?

प्रतिसाद, गडहिंग्लजकडून

ताई, आंबोलीच करा, पण पोरांच्या डोक्यातली आंबोली नको. कोल्हापूरकडून येताना निपाणीला आत वळून उत्तूर, आजरा असं आलात की गाव घाटाच्या माथ्यावरच लागतं. घाट उतरायची गरज नाही. दरडीचा धोका आणि गाड्यांची रांग दोन्ही त्या पुढच्या उतारावर, मुख्य धबधब्यापाशी. शनिवार-रविवारी तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एसटी कशीबशी निघते. पायऱ्यांवर शेवाळ, वरून लोंढा. तुमच्या काकांना तिथं नेऊच नका.

त्यापेक्षा आधी नांगरतास धबधबा बघा. गावाच्या अलीकडेच लागतो. खोल, अरुंद घळ आहे, कठड्याआडून बघायचं, भिजायचं नाही. मग हिरण्यकेशीचा उगम. आमच्या गडहिंग्लजला जी नदी येते ती इथल्या गुहेतून निघते, मंदिर आणि कुंडही तिथंच. या कुंडात २०२० साली माशाची नवी जात सापडली, तिला नदीचंच नाव दिलं, आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. म्हणून कुंडात पोरांना उतरू देऊ नका आणि माशांना चुरमुरे-बिस्किटं टाकू नका. दुपारून कावळेसाद. दरीतून वारा असा चढतो की खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं आणि कठड्याला उभं राहिलं तरी माणूस चिंब होतो. भिजायची हौस तिथंच फिटते, ती पण सपाटीवर. कठड्यापलीकडे मात्र कुणी गेला तर त्याला सरळ गाडीत बसवा. तिथं जीव गेलेत.

कपडे बदलायचं म्हणाल तर उघड्यावरच्या सोयीच्या भरवशावर येऊ नका. जेवण ज्या हॉटेलात सांगाल तिथंच दोन खोल्या दिवसापुरत्या घ्या, एक बायकांसाठी, एक पुरुषांसाठी. जैन जेवणही त्यांनाच आदल्या दिवशी फोन करून सांगा, ऐनवेळी सगळ्या भाजीत लसूण पडलेला असतो. आणि गवतात बसाल तर जळवा बघा. मीठ जवळ ठेवा, ओढून काढू नका.

प्रतिसाद

सगळी गडबड तारखेत आहे. आखाडातला शेवटचा शनिवार म्हणजे अख्खा कोल्हापूर आणि बेळगाव जिल्हा आंबोलीच्या वाटेवर. बाटल्यांचा प्रश्न तुमच्या गाडीपुरता राहत नाही, शेजारच्या चार गाड्यांचाही होतो.

मटण आणि सहल वेगळं करा. आखाडात एका संध्याकाळी कुणाच्या तरी मळ्यात चुलीवरचं तांबडा-पांढरा होऊ दे, ज्यांना जे करायचं ते तिथं करतील. सहल श्रावणातल्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात न्या. पावसाचा जोर सहसा कमी, गर्दी कमी, निम्मे लोक श्रावण पाळणारे, त्यामुळे जैन मंडळींचीही ओढाताण होत नाही.

रद्द करायचं कसं, तर आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी बघा. एक, हवामान खात्याचा घाटमाथ्यासाठी रेड किंवा ऑरेंज अलर्ट. दोन, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा, ४३ धोका. पंचगंगा इशाऱ्याकडे सरकत असेल तर निपाणीच्या वाटेवरची वेदगंगाही भरलेली असणार हे धरून चाला. २०१९ आणि २०२१ ला निपाणीच्या अलीकडे यमगर्णीजवळ पाणी हायवेवर आलं होतं. अशा वेळी गाडी पन्हाळ्याकडे वळवायची. तिथं भर पावसातही अंबरखान्यात, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्यकोठारांत, आडोसा मिळतो, एवढ्या जाड भिंती आहेत.

प्रतिसाद

गाडी पिवळ्या नंबर प्लेटचीच घ्या, ओळखीतली पांढऱ्या पाटीची 'स्वस्तात' नको. विमा अडला तर सही तुमची असेल.

आणि नको म्हणायचं काम तुम्ही कशाला करता? साहेबांच्या सहीची दोन ओळींची नोटीस लावा : गाडीचा खर्च कंपनीचा, म्हणून गाडीत दारू चालणार नाही. ड्रायव्हरलाही तेच सांगून ठेवा. शिवाय आंबोलीच्या रस्त्यावर पोलीस गाड्या तपासतात हे खरंच आहे, ते सहज कानावर घाला.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नोटीस आज साहेबांपुढं ठेवली, त्यांनी न वाचताच सही केली. तारीख श्रावणात ढकलायला मोठे तयार झाले. पोरं कुरकुरली, पण मळ्यातल्या मटणाचं ऐकल्यावर गप्प बसली, आता मळा कुणाचा यावरून वाद चालू आहे.

दोन गोष्टी राहिल्या. २३ जणांना एकच मिनी बस बरी की दोन टेम्पो ट्रॅव्हलर? आजऱ्याच्या पुढं रस्ता मोठ्या गाडीला कसा आहे? आणि सकाळी सहाला निघालो तर नाश्त्याला निपाणीत थांबावं की उत्तूरला? काका गोळी रिकाम्या पोटी घेत नाहीत, त्यामुळे साडेसातच्या आत कुठंतरी थांबावं लागेल.