नोटिफिकेशन सिस्टिमलाच दाखवू द्यावं, ॲपने मध्ये लुडबुड करू नये

चरवीवाला

कोल्हापूरकडच्या एका दूध संस्थेसाठी आम्ही दोघांनी फ्लटरमध्ये (अँड्रॉइड आणि आयफोनसाठी एकदाच कोड लिहायचं साधन) ॲप केलंय. काम तसं साधं. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आणि दर यांची पावती उत्पादकाच्या फोनवर पडायची. आधी कागदाची चिठ्ठी होती, मग एसेमेस आला. एसेमेसचा खर्च आणि डीएलटीवर (एसेमेसच्या मजकुराची दूरसंचार नोंदणी) टेम्प्लेट मंजूर करून घ्यायची कटकट सचिवांना नको झाली, म्हणून आता पुश, म्हणजे इंटरनेटवरून फोनवर येणारं नोटिफिकेशन.

पहिल्या दिवसापासून मी फक्त डेटा मेसेज पाठवत होतो. म्हणजे फायरबेस या गूगलच्या सेवेमार्गे नुसते आकडे यायचे आणि नोटिफिकेशन आमचं ॲप स्वतः काढायचं, म्हणजे पडद्यावर दाखवायचं. म्हशीचं आणि गाईचं चिन्ह वेगळं, दुरुस्त पावती आली की जुनी आपोआप पुसली जाणार, सगळं आपल्या हातात. ॲप उघडं असताना झकास चालायचं. मिनिमाइझ करून ठेवलं असताना बरं चालायचं. पूर्ण बंद असताना देवाच्या भरवशावर.

तक्रार मात्र विचित्र आली. एकाच काकांना, एकाच फोनवर, संध्याकाळची पावती लगेच येते आणि सकाळची येत नाही. तीन आठवडे मी सर्व्हरचे लॉग उपसत बसलो. शेवटी एका पहाटे त्यांच्या घरी जाऊन बसलो. फोन रात्रभर खिडकीत पडलेला, चार्जिंगला नाही. काका सव्वासहाला केंद्रावर दूध घालून आले, फोन खिडकीतच. पावणेआठला आंघोळ करून त्यांनी तो उचलला आणि पडदा लागल्या लागल्या टुंग! काका म्हणाले, “बघा, तुम्ही आलासा म्हणून आली.”

डोझ. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे आणि मला पुस्तकी माहीतही होता. फोन हलत नाही, पडदा बंद, चार्जर नाही, की सिस्टिम झोपते आणि मेसेज थोपवून धरते. संध्याकाळी फोन काकांच्या खिशात असतो, म्हणून पावती येते.

दुसरा घाव माझा मलाच. बॅकग्राउंड हँडलर (ॲप मागे किंवा बंद असताना आलेला मेसेज हाताळणारा कोड) फ्लटरमध्ये वेगळ्या आयसोलेटमध्ये, म्हणजे स्वतंत्र कप्प्यात चालतो, तिथे ॲपच्या मेमरीतलं काहीच नसतं. मी तिथे भाषेचं सेटिंग मेमरीतून वाचत होतो. ते नल, म्हणजे रिकामं यायचं, कोड गुपचूप आपटायचा, पावती गुल. ॲप उघडं असताना ही चूक कधीच दिसत नाही, कारण तेव्हा तो हँडलर चालतच नाही.

तर माझं मत असं झालंय. नोटिफिकेशनच्या वाटेत, ॲप जिवंत आहे असं गृहीत धरणारी एकही ओळ नको. मजकूर सर्व्हरवर तयार करा, नोटिफिकेशन मेसेज म्हणूनच पाठवा, ते सिस्टिम काढेल. सविस्तर पावती टॅप केल्यावर सर्व्हरवरून आणा. कुणाला पटत नसेल तर फाडा.

बॅकएंडबाबू

फाडतो. रोग एक आणि औषध दुसरंच चाललंय.

काकांची सकाळची पावती डेटा मेसेज आहे म्हणून अडकली नाही. तिची प्रायॉरिटी नॉर्मल होती म्हणून अडकली. फायरबेसमध्ये नोटिफिकेशन मेसेज मुळातच हाय जातो आणि डेटा मेसेज मुळातच नॉर्मल. पेलोडमध्ये (पाठवलेल्या मेसेजच्या मजकुरात) हाय लिहिलं होतंत का? नसणार. एका ओळीची चूक, आणि तुम्ही अख्खी रचना मोडायला निघालात. म्हशीला ताप आला म्हणून गोठा पाडण्यातला प्रकार.

आता “सिस्टिम काढते” या समजुतीबद्दल. अँड्रॉइडवर ॲप बॅकग्राउंडला असताना जे नोटिफिकेशन “आपोआप” दिसतं, ते सहसा फायरबेसचं एसडीके (ॲपमध्ये जोडलेला त्यांचा तयार कोड) तुमच्याच ॲपच्या प्रोसेसमध्ये काढतं. म्हणजे प्रोसेस उठवावीच लागते. कुणी सेटिंगमध्ये जाऊन फोर्स स्टॉप केलं असेल तर डेटाही नाही आणि नोटिफिकेशनही नाही, पुन्हा ॲप उघडेपर्यंत शुकशुकाट.

आणि नोटिफिकेशन मेसेजमध्ये तुमची कामं वाढतात, कमी होत नाहीत. ॲप समोर उघडं असेल तर तो आपोआप दिसत नाही, तुम्हालाच दाखवावा लागतो. म्हणजे काढायचा कोड लिहायचाच आहे. मग एकाच गोष्टीचे दोन रस्ते: उघडं असताना तुमचा, मागे असताना एसडीकेचा. दोन रस्त्यांचं चिन्ह वेगळं, चॅनल (नोटिफिकेशनचा गट) वेगळं, आवाज वेगळा. अँड्रॉइड ८ नंतर चॅनल द्यायला विसरलात तर तो “इतर” अशा कुठल्यातरी नावाच्या पडीक चॅनलमध्ये जाऊन बसतो. शिवाय फ्लटरवाल्यांची ठरलेली चूक: बॅकग्राउंड हँडलरमध्येही लोकल नोटिफिकेशन काढतात, आणि काकांना एका दुधाच्या दोन पावत्या.

डेटा मेसेजमध्ये रस्ता एकच. नेटिव्हमध्ये (फ्लटरशिवाय थेट अँड्रॉइडसाठी लिहिलेल्या ॲपमध्ये) ॲप उघडं असो की मागे, तोच हँडलर; फ्लटरमध्ये दोन असले तरी दोन्हीकडून एकच फंक्शन बोलवा. तो नीट लिहा. आयसोलेटमध्ये मेमरी नाही तर सेटिंग डिस्कवर ठेवा, तिथून वाचा.

पेठेतला

एवढं रामायण करण्यापेक्षा कागदाची चिठ्ठी काय वाईट होती? तिला ना डोझ, ना आयसोलेट.

चरवीवाला

@बॅकएंडबाबू, प्रायॉरिटीबद्दल कान पकडले. लिहिली नव्हती. पण पुढचं ऐका, हा प्रयोग माझा करून झालाय. हाय केली, चार दिवस सकाळच्या पावत्या घड्याळ लावून आल्या. काका खूश. पाचव्या दिवसापासून पुन्हा रडगाणं.

कारण शोधलं तर असं निघालं की त्याच पाइपातून मी दरपत्रकाचा सायलेंट सिंकही (पडद्यावर काही न दाखवता माहिती ताजी करणारा मेसेज) पाठवत होतो, दिवसातून बऱ्याचदा, आणि तोही हाय करून टाकला होता. हाय मेसेज आला आणि वापरणाऱ्याला काहीच दिसलं नाही असं वारंवार झालं, की गूगल त्या ॲपचे हाय मेसेज नॉर्मलवर उतरवतं. लांडगा आला रे आला. चूक माझीच, पण बघा, डेटा मेसेजमध्ये अशा चुकांना वाव किती आहे.

आणि तुमचं प्रोसेसचं म्हणणं बरोबर, पण अर्धं. प्रायॉरिटी अशी उतरली, तर नोटिफिकेशन मेसेज असेल तरच फोनमधल्या गूगलच्या प्ले सर्व्हिसेस तुमच्या ॲपला न उठवता परस्पर काढू शकतात. पेलोडमध्ये त्याचं प्रॉक्सी नावाचं सेटिंगच आहे. नुसत्या आकड्यांचं ते काय काढणार? त्यांना शीर्षकच माहीत नाही.

बॅकएंडबाबू

प्रॉक्सीचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून राहिला. सिंक नॉर्मल ठेवा, पावती हाय ठेवा, तरीही डेटा पुरतो असं माझं म्हणणं कायम.

सफरचंदी

तुम्ही दोघं अँड्रॉइडच्या बांधावर भांडताय. आयफोनवर हा वाद उभाच राहत नाही.

तिथे नुसता डेटा म्हणजे कंटेंट-अव्हेलेबल १ लावलेला सायलेंट पुश, प्रायॉरिटी ५ (कमी). तो कधी पोचवायचा ते ॲपल ठरवतं. तासाला दोन-तीनच्या वर पाठवू नका असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि वापरणाऱ्याने ॲप वर सरकवून बंद केलं असेल तर त्या पुशसाठी ॲप उठतच नाही, त्याने स्वतः उघडेपर्यंत. किती लोक दिवसभर ॲपं वर सरकवत असतात ते लोकलमध्ये शेजारच्याच्या फोनकडे बघा. बॅटरी वाचते या श्रद्धेने अंगठा सतत चालू.

त्यामुळे दिसायलाच हवी अशी गोष्ट अलर्ट (पडद्यावर दिसणारा पुश) म्हणूनच पाठवायची. मजकुरात फेरफार हवा असेल तर म्यूटेबल-कंटेंट १ लावा आणि सर्व्हिस एक्स्टेन्शन (नोटिफिकेशन दिसण्याआधी ते बदलणारा छोटा कोड) लिहा. iOS १० पासून, म्हणजे २०१६ पासून ती सोय आहे. एक्स्टेन्शन मुख्य ॲपपासून वेगळं चालतं, ॲप बंद असलं तरी. साधारण ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात तुम्ही आपटलात तर मूळ मजकूर जसाच्या तसा दिसतो. मला आवडते ती ही गोष्ट: तुमचा कोड मेला तरी पावती दिसते. @बॅकएंडबाबू, तुमचा हँडलर मेला की काय दिसतं?

बॅकएंडबाबू

काहीच नाही. पण दूध संस्थेत आयफोन किती असणार हो? सचिवांच्या मुलाकडे एक.

माळावरची

मी प्रोग्रामर नाही. पुण्यात असते, घरी आई-बाबा दूध घालतात, दोन म्हशी. अशाच एका ॲपवर (हेच की दुसरं, सांगत नाही) बाबांना पावती येते, तर वापरणाऱ्यांच्या बाजूने थोडं.

एक. फोन हळू चालतो म्हणून माझा भाऊ महिन्यातून एकदा सेटिंगमध्ये जाऊन दिसेल त्या ॲपचं फोर्स स्टॉप करतो. तो गेला की बाबांचा फोन यायचा, “संस्थेनं पावती बंद केली काय?” वर वाचून आज कळलं की एकदा ॲप उघडलं असतं तरी पुरलं असतं. हे ॲपमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. फोन घेतानाच ऑटोस्टार्ट नावाचं बटण बंद होतं, ते वेगळंच. ते चालू करायला मी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास घातला.

दोन. बाबा चहाच्या टपरीवर फोन बाकावर ठेवून बसतात. पावती लॉक स्क्रीनवर अख्खी दिसते. एकदा फॅट ५.४ लागली. म्हशीच्या दुधाला ६ धरतात, हे बाकावरच्या सगळ्यांना पाठ. “पाणी जरा जास्त झालं का दादा?” म्हणून आठवडाभर चेष्टा. म्हैस गाभण होती, खाणं तुटलं होतं, पण ते कोण ऐकतं. बाबांनी नोटिफिकेशनच बंद करून टाकलं. तुमचा हाय, नॉर्मल, प्रॉक्सी सगळं तिथे संपलं.

चरवीवाला

ताई, हा मुद्दा डोक्यातही आला नव्हता. आणि तो माझ्याच बाजूचा आहे! नोटिफिकेशनमध्ये फक्त “सकाळची पावती आली आहे”. आकडे आत.

बॅकएंडबाबू

उलट तो माझ्या बाजूचा आहे. आकडे डेटामध्ये गुपचूप आले असते तर लॉक स्क्रीनवर काय दाखवायचं आणि फोन उघडल्यावर काय, हे ॲपने ठरवलं असतं.

आणि “आकडे आत” म्हणताय, तर आत कुठून येणार? टॅप केलं की सर्व्हरकडे जाणार. गोठ्यात रेंजची एक काडी. चक्र फिरतंय, फिरतंय, काकांच्या एका हातात धारेची बादली. पेलोडला ४ केबीची मर्यादा आहे, एक पावती त्यात वीस वेळा मावेल. आलेली पावती फोनमध्ये साठवली असती तर रेंज नसतानाही उघडली असती. दहा दिवसांचं बिल निघतं तेव्हा माणूस पावत्या जुळवत बसतो, ते काही केंद्रावरच्या वायफायजवळ बसून नाही.

सफरचंदी

दोन्ही एकत्र पाठवा की. नोटिफिकेशनही आणि सोबत डेटाही. लपवायचं म्हणाल तर अँड्रॉइडच्या पेलोडमध्ये व्हिजिबिलिटी सीक्रेट लिहिता येतं, त्याला डेटा मेसेजची गरज नाही.

बॅकएंडबाबू

नेटिव्हमध्ये दोन्ही एकत्र पाठवले की ॲप मागे असताना डेटा टॅप केल्यावरच हाती लागतो. टॅप केलंच नाही, नुसतं पुसून टाकलं, तर पावती साठवली गेली नाही. लोक किती टॅप करतात हो? बघतात आणि सरकवतात.

चरवीवाला

फ्लटरच्या प्लगइनमध्ये बॅकग्राउंड हँडलर तेव्हाही चालतो, तिथे साठवता येईल. फक्त साठवायचं, काढायचं नाही. हँडलर आपटला तर पावती साठणार नाही पण दिसेल तरी. हे मला पटतंय. रेंजच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नवाभिडू

विषय चाललाच आहे तर विचारतो. ॲप पूर्ण बंद असताना टॅप केलं की आमच्याकडे पावती उघडत नाही, होम पेज येतं. मिनिमाइझ असताना नीट उघडते. का?

चरवीवाला

कारण ते दोन वेगळे दरवाजे आहेत. मिनिमाइझ असताना टॅप ऑनमेसेजओपन्डॲपमध्ये येतो. बंद असताना तो स्ट्रीम ऐकायला कुणी जागंच नसतं. तिथे सुरुवातीलाच गेटइनिशियलमेसेज विचारावं लागतं. आमच्याकडे ते विचारूनही पावती हरवायची, कारण मध्ये पिनचा पडदा होता. पिन टाकला की थेट होम. आता पावती क्रमांक बाजूला धरून ठेवतो आणि पिननंतर तिथे पाठवतो.

माळावरची

म्हणजे बाबा म्हणत होते ते खरं होतं. “पिन टाकला की पावती पळून जाते.” मी त्यांनाच वेड्यात काढलं होतं.

चरवीवाला

नवीन बिल्ड काल एका केंद्रावर दिलं. नोटिफिकेशन मेसेज, मजकुरात आकडे नाहीत, सोबत डेटा, हँडलर फक्त साठवतो. सिंक नॉर्मलवर. आज सकाळी खिडकीतला फोन सव्वासहाला वाजला. काकूंनी उचलला, काका अजून केंद्रावरच होते.

बॅकएंडबाबू

एक दिवसाचा पुरावा. पाचव्या दिवशी सांगा. आणि ॲप उघडं असताना? केंद्रावर सचिवांच्या फोनमध्ये ते दिवसभर उघडंच असतं ना.

चरवीवाला

तिथे दोनदा दिसतंय. यादीतही आणि वरूनही. उद्या बघतो.